कार्ड तुमचं, खर्च मालकाचा

नमस्कार ताई,

मी मूळची सांगलीची. तिथे घरातच मेस चालवायचे, रोजचे साठेक डबे जायचे. आता नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्रीमाँटला आहोत आणि नुकतंच ग्रीन कार्डही हातात आलंय. घरात बसवत नाही, म्हणून जवळच्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये कामाचं विचारलं. मी केलेली आमटी आणि भरली वांगी खाऊन मालक खूश झाले, पण म्हणाले, "आधी फूड हँडलर कार्ड स्वतःच्या खर्चाने काढून आणा, मग शिफ्ट देतो." ते म्हणजे अन्नसुरक्षेची परीक्षा पास झाल्याचा दाखला. एका वेबसाइटवर त्याचे ऐंशी डॉलर मागतायत. परीक्षा इंग्रजीत आणि मी मराठी माध्यमातली, बारावीपर्यंत शिकलेली. लेक म्हणते, "आई, घरूनच द्यायची असते, तुझ्या नावावर मी देऊन टाकते." खरं सांगू, मन खट्टू झालंय. इतकी वर्षं लोकांना जेवू घातलं, कुणाचं पोट बिघडल्याचं ऐकलं नाही, आणि आता हात कसे धुवायचे याची परीक्षा? शिवाय मी माळकरी. परीक्षेत म्हणे चिकनचे प्रश्न असतात. काय करू?

— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

सप्रेम नमस्कार.

आधी पैशांचं सांगते, कारण तिथे तुमचं सरळसरळ नुकसान होऊ घातलंय. ते ऐंशी डॉलर भरू नका. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून कायदा असा आहे की या कार्डाचा सगळा खर्च मालकाने करायचा. कोर्सची फी त्यांची, परीक्षेची फी त्यांची, आणि शिकायला व परीक्षा द्यायला लागणारा वेळ हा कामाचाच वेळ धरून त्याचाही पगार त्यांनी द्यायचा. त्या वेळात दुसरं काम तुमच्या गळ्यात घालायचं नाही. म्हणजे एकीकडे कांदा चिरा आणि दुसरीकडे व्हिडिओ बघा, असं चालत नाही. हा कायदा सिनेट बिल ४७६ या नावाने ओळखला जातो. नंबर लिहून ठेवा, बोलताना उपयोगी पडेल.

त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती तुमच्या बाबतीत पैशांपेक्षा महत्त्वाची. "आधी कार्ड आणा, मग कामावर घेतो" अशी अटच मालकाला घालता येत नाही. कामावर रुजू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत कार्ड काढायचं असतं. म्हणजे क्रम उलटा आहे: आधी नोकरी, मग कार्ड. त्या ३० दिवसांत तुम्ही स्वयंपाकघरात काम करू शकता.

मालक मुद्दाम फसवतायत असं मी लगेच म्हणणार नाही. कार्डाची सक्ती २०११ पासूनची आहे आणि इतकी वर्षं बहुतेक ठिकाणी कामगारच पदरचे पैसे भरत आले. छोट्या रेस्टॉरंटमध्ये नवा नियम पोचायला वेळ लागतो. म्हणून पहिल्यांदा गोडीत बोला. "काका, मी विचारपूस केली. २०२४ पासून कार्डाचा खर्च आणि तेवढे तास रेस्टॉरंटकडे असतात, आणि रुजू झाल्यावर ३० दिवस मिळतात. मला शिफ्ट द्या, पहिल्याच आठवड्यात कार्ड काढून देते." एवढं पुरेसं आहे. बोलून झाल्यावर तेच दोन ओळींत मेसेज करून ठेवा, म्हणजे लेखी राहतं. तरीही ते अडून बसले, तर लेबर कमिशनरच्या, म्हणजे कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार करता येते. तिला फी नाही, वकील लागत नाही आणि दुभाष्याची सोय असते. पण जो मालक पंधरावीस डॉलरसाठी कायदा बाजूला ठेवतो, तो पुढे ओव्हरटाइमच्या वेळी काय करेल, याचा विचार तुम्ही रुजू होण्याआधीच करावा असं मला मनापासून वाटतं.

पंधरावीस डॉलर म्हणते, कारण मान्यताप्राप्त कोर्स आणि परीक्षा मिळून १५ डॉलरपेक्षा जास्त नाही असा निदान एक तरी पर्याय उपलब्ध असला पाहिजे, हे कायद्यातच लिहिलंय. ऐंशी डॉलर मागणाऱ्या साइटवर कदाचित मॅनेजरचा कोर्स असेल किंवा तुमच्या गळ्यात चार नको ते कोर्स एकत्र बांधून मारत असतील. कोर्स निवडताना एकच गोष्ट बघा: त्या संस्थेला 'एएनएबी'ची मान्यता आहे का. ही अमेरिकेतली अशा संस्थांना मान्यता देणारी संस्था आहे. आधीच्या नावाने अनेक जण तिला 'अ‍ॅन्सी' म्हणतात. फ्रीमाँट अलमेडा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) येतं, तेव्हा काउंटीच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला विचारूनही खात्री करता येते. गूगलवर सगळ्यात वर जाहिरात दिसते म्हणून ती साइट सरकारी असते असं अजिबात नाही.

इथे थोडं थांबून बाकीच्या वाचकांसाठी लिहिते, कारण याच विषयावर वेगळ्या परिस्थितीतल्या बायकांचीही पत्रं येतात. कुणी याला कार्ड म्हणतं, कुणी पर्मिट. पण हा काही नोकरी करण्याचा परवाना नव्हे. ग्रीन कार्ड असल्यामुळे तुम्हाला हा प्रश्न नाही. पण ज्या एच-४ व्हिसावर (एच-१बीवर आलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) आहेत, त्यांच्याकडे वेगळं ईएडी, म्हणजे काम करण्याचं परवानगीपत्र, असल्याशिवाय पगारी काम करता येत नाही, मग फूड हँडलर कार्ड असो वा नसो. नातवंडांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-सासूबाईंनीही "चार तास पोळ्या लाटून देते" म्हणून रेस्टॉरंटमध्ये जाऊ नये, रोख पैसे मिळत असले तरी. यात धोका खरोखर मोठा आहे आणि तो त्यांच्या एकट्यांपुरता राहत नाही. कामावर घेताना मालकाला आय-९ नावाचा फॉर्म भरून तुमची कागदपत्रं बघावी लागतात. फूड हँडलर कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता लेकीच्या प्रस्तावाबद्दल. तिचा हेतू प्रेमाचा आहे, ते दिसतंय. पण तिला सांगा, नाही. कार्डावर तुमचं नाव असणार आणि ते कार्ड रेस्टॉरंटच्या फायलीत राहणार. दुसऱ्याने दिलेली परीक्षा म्हणजे खोटी नोंद. आणि काउंटीचे इन्स्पेक्टर येतात तेव्हा नुसती फाइल बघून जात नाहीत. काम करणाऱ्याला स्वतःच्या कामापुरतं अन्नसुरक्षेचं ज्ञान असलंच पाहिजे, असं कॅलिफोर्निया रिटेल फूड कोड सांगतो. ते तुमच्याजवळ उभे राहून विचारतात, "हा भात तुम्ही थंड कसा करता?" तेव्हा लेक कॉलेजात असेल.

तिची मदत मात्र जरूर घ्या. धडे दोघींनी मिळून बघा, अडलेला शब्द तिला विचारा. परीक्षेला बसलात की प्रश्न तुम्ही वाचायचा आणि उत्तर तुमचं. परीक्षा अवघड नाही. ४० प्रश्न असतात, प्रत्येकाला पर्याय दिलेले, आणि पास व्हायला ७० टक्के, म्हणजे २८ उत्तरं बरोबर लागतात. शिकणं आणि परीक्षा मिळून साधारण अडीच तासांचं काम आहे. स्पॅनिश, चिनी, व्हिएतनामी अशा भाषांतही कोर्स मिळतात. मराठीत मिळेल ही आशा धरू नका. पण बारावीपर्यंतचं इंग्रजी याला पुरतं. वाक्यं छोटी असतात आणि तेच ते शब्द फिरून फिरून येतात. बऱ्याच कोर्समध्ये नापास झालं तर पुन्हा बसता येतं. पैसे भरण्याआधी तेवढं वाचून घ्या.

पास झालात की कार्ड लगेच मिळतं आणि ते ३ वर्षं चालतं. ते तुमचं असतं, रेस्टॉरंटचं नव्हे. नोकरी बदलली तरी तेच कार्ड पुढे चालतं. एक प्रत मालकांना द्या, एक फोनमध्ये ठेवा. फक्त सॅन डिएगो, रिव्हरसाइड आणि सॅन बर्नार्डिनो या तीन काउंट्यांची स्वतःची वेगळी पद्धत आहे. पुढेमागे तिकडे राहायला गेलात तर तिथल्या काउंटीत विचारावं लागेल.

आता त्या खट्टू झालेल्या मनाकडे येते. पत्रात सगळ्यात जास्त मला तेच लागलं.

साठ डबे रोज वेळेवर देणाऱ्या बाईला "हात धुता येतात का" असं विचारणं अपमानाचं वाटणार, यात नवल नाही. पण ही परीक्षा तुमच्या स्वयंपाकाची नाही. मीठ किती, फोडणी कधी, वांगं किती शिजवायचं, यातलं काही त्यात विचारत नाहीत. त्यातल्या दोन मोठ्या गोष्टी अशा: अन्न किती गरम किंवा गार आहे, आणि ते तसं किती वेळ राहिलं. सांगलीच्या मेसमध्ये सकाळी शिजवलेलं लगेच डब्यात गेलं आणि दुपारी पोटात. अन्न साठलंच नाही, म्हणून या दोन गोष्टी मोजायची वेळ तुमच्यावर आली नाही. रेस्टॉरंटचं उलटं असतं. सकाळी केलेली ग्रेव्ही रात्री दहाला कुणाच्या तरी ताटात जाते, उरलेली उद्या. तुमच्या हातात काही कमी आहे असं नाही. पद्धत वेगळी आहे, आणि ती शिकायची आहे.

एकच उदाहरण नीट समजून घ्या, म्हणजे निम्मी परीक्षा झाली. समजा रात्री मोठा टोपभर भात उरला. आपल्याकडे काय करतात? वर ताट झाकून ओट्यावर ठेवतात, "निवू दे, मग फ्रिजमध्ये टाकू." आता आत काय चालतं बघा. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू असतात. भात शिजताना जिवाणू मरतात, पण त्यांची बीजं उकळत्या पाण्यातही टिकतात. भात कोमट झाला की त्या बीजांतून नवे जिवाणू उगवतात, वाढतात आणि विष तयार करतात. टोप मोठा, भात दाटून बसलेला, वर झाकण. कडेचा भात गार लागतो, पण मधोमध हात घातलात तर तीन-चार तासांनीही ऊब लागते. ती ऊब म्हणजे जिवाणूंना हवं तेच हवामान. सकाळी तो भात परतला, वाफ आणली, तरी झालेलं विष जात नाही. ते उष्णतेला दाद देत नाही. "पुन्हा उकळी आणली की झालं" हा आपला सगळ्यांचा समज इथे उपयोगाचा नाही.

म्हणून नियम असा: ४१ ते १३५ अंश फॅरेनहाइट हा धोक्याचा टप्पा, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण ५ ते ५७ अंश सेल्सिअस. गरम ठेवायचं ते १३५च्या वर, गार ठेवायचं ते ४१च्या खाली. शिजवलेलं गार करताना १३५वरून ७०पर्यंत २ तासांत आणायचं आणि तिथून ४१पर्यंत पुढच्या ४ तासांत. एकूण ६ तास. पहिल्या टप्प्याला कमी वेळ दिलाय, कारण त्या उबेत जिवाणू सगळ्यात झपाट्याने वाढतात. परीक्षेत हे दोन टप्पे हमखास उलटसुलट करून विचारतात. २ आणि मग ४, हा क्रम पक्का करा. दोन तासांत ७०पर्यंत आलं नाही तर ते तसंच पुढे ढकलायचं नाही. लगेच पुन्हा १६५पर्यंत तापवून नव्याने गार करायला घ्यायचं, नाहीतर टाकायचं.

हे प्रत्यक्षात करायचं कसं? भात पसरट ट्रेमध्ये पातळ थरात पसरायचा. आमटी, छोले, ग्रेव्ही असेल तर लहान भांड्यांत वाटून ती भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवायची आणि ढवळत राहायचं. पूर्ण गार होईपर्यंत घट्ट झाकण नाही. थर्मामीटर मधोमध खुपसून बघायचं, कडेला नाही. तुम्ही पहिल्याच रात्री एवढं केलंत तर मालकांच्या लक्षात येईल की कुणाला घेतलंय.

आपल्या सवयींपैकी आणखी काही आहेत ज्या तिथे बाहेर ठेवाव्या लागतील. डावातला थेंब तळहातावर घेऊन चव बघायची आणि तोच डाव परत पातेल्यात. हे नाही. दर वेळी स्वच्छ चमचा, एकदा तोंडाला लागला की धुवायला. एकाच फडक्याने ओटा, हात, ताट आणि गरम टोप, हेही नाही. ओटा पुसायचं फडकं जंतुनाशकाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं असतं आणि हात कागदाला पुसायचे. हात धुवायचं बेसिन वेगळं असतं, त्यात भाजी धुवायची नाही, चमचा विसळायचा नाही. हात धुणं एकूण २० सेकंद, त्यातले निदान १० ते १५ सेकंद साबणाने चोळणं. फोनला हात लावला, केस सारखे केले, कचरा उचलला, तर पुन्हा धुवायचे. हातमोजे घालण्याआधीही धुवायचे आणि काम बदललं की मोजे बदलायचे. मोजे घातलेल्या हाताने सगळीकडे फिरणाऱ्यांपेक्षा वरचेवर हात धुणाऱ्या बाईच्या हातचं मी केव्हाही खाईन.

भांडी तीन कप्प्यांच्या सिंकमध्ये: पहिल्यात साबणाने घासायची, दुसऱ्यात खळबळायची, तिसऱ्यात जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायची, आणि मग वाऱ्यावर वाळू द्यायची. पुसायची नाहीत. क्लोरीनचं पाणी असेल तर १०० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत १०० भाग), आणि ते मोजायला कागदी पट्ट्या असतात. फरशीवर काही ठेवायचं नाही, कांद्याचं पोतंसुद्धा जमिनीपासून ६ इंच वर.

एक गोष्ट वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. धोक्याच्या पदार्थांत फक्त मांस-मासे-अंडी येतात असं आपल्याला वाटतं. यादीत शिजवलेला भात आहे, शिजवलेली डाळ आहे, मोड आलेली कच्ची कडधान्यं आहेत, चिरलेला टोमॅटो आहे, कापलेलं कलिंगड-खरबूज आहे, चिरलेल्या पालेभाज्या आहेत, तेलात बुडवून ठेवलेला लसूण आहे. म्हणजे शाकाहारी स्वयंपाकघरातली निम्मी तयारी. टोमॅटोची कोशिंबीर दुपारभर बाहेर ठेवता येत नाही. वाटणासाठी सोललेला लसूण तेलात घालून शेगडीजवळ ठेवायची सोय कितीही बरी वाटली तरी ती करायची नाही, कारण तेलाखाली हवा नसते आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना तेच हवं असतं.

चिकनचं म्हणाल, तर परीक्षेत आकडे लक्षात ठेवायचे आहेत, खायचं काहीच नाही. कोंबडी आतून १६५ अंश फॅरेनहाइटपर्यंत शिजायला हवी, खिमा १५५, मासे आणि मांसाचे अख्खे तुकडे १४५. फ्रिजमध्ये कच्ची कोंबडी सगळ्यात खालच्या फळीवर, तयार पदार्थ सगळ्यात वर, म्हणजे वरून काही ठिबकलं तरी तयार अन्नावर पडत नाही. ज्या सुरीने आणि पाटावर कच्चं मांस कापलं, ते धुऊन, जंतुनाशकात घालून मगच दुसऱ्या कशाला. माळकरी म्हणून कच्च्या मांसाला हात लावायचा नसेल, तर तो प्रश्न परीक्षेचा नाही, नोकरीचा आहे. रुजू होण्याआधी मालकांना स्पष्ट सांगा: "भाज्या, डाळी, पोळ्या, वाटणं, गोडाचं सगळं करेन, चिकन-मटण हाताळणार नाही." भारतीय रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी कामच इतकं असतं की अशी माणसं त्यांना हवीच असतात. पण आधी न बोलता पहिल्या शनिवारच्या गर्दीत नाही म्हणू नका. ते दोन्हीकडून वाईट.

आता अ‍ॅलर्जी. इथे तुमचा अनुभव कोर्सच्याही पुढे जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अमेरिकेत ९ मुख्य अ‍ॅलर्जीकारक पदार्थ मानतात: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचाचे प्राणी, काजू-बदाम-अक्रोड असा सुका मेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ यादीत नवा आहे, १ जानेवारी २०२३ पासून पाकिटांवर तो लिहिणं सक्तीचं झालं. आता आपला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. भरल्या वांग्यात दाण्याचं कूट आणि तीळ. गोडा मसाल्यातही तीळ. कोर्म्याच्या ग्रेव्हीत काजू वाटून घातलेले, दिसतच नाहीत. साजूक तूप म्हणजे दूधच. आणि डबीतला हिंग! त्यात बहुतेक वेळा मैदा किंवा दुसरं पीठ मिसळलेलं असतं. बाहेरच्या टेबलावरचं गिऱ्हाईक विचारतं, "या डाळीत गहू आहे का?" वेटर म्हणतो, "डाळीत कसला गहू?" खरं उत्तर तुमच्याजवळ आहे, कारण फोडणी तुम्ही घातलीय. हिंगाच्या डबीवरचं लेबल वाचा आणि मालकांना सांगा. शंका असेल तर "नाही" असं ठामपणे कधीच म्हणायचं नाही. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीत माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, आणि ज्या कालथ्याने कूट हलवलं तोच दुसऱ्या भाजीत गेला तरी ते घडू शकतं.

आजारपणाचा एक प्रश्न नक्की येतो. उलट्या किंवा जुलाब होत असतील, कावीळ झाली असेल, तर मालकाला किंवा मॅनेजरला सांगायचं आणि कामावर जायचं नाही. आपल्या बायकांना अंगावर काढायची सवय. "जरा पोट बिघडलंय, गोळी घेऊन जाते." घरात ती सवय तुम्हाला एकटीला त्रास देते, रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाचा विषाणू) असेल तर एका संध्याकाळी किती जणांपर्यंत पोचेल याची गणती नाही. कॅलिफोर्नियात कामगारांना पगारी आजारपणाची रजा असते, तीही मालकांना विचारून घ्या.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या दिवशी अडचण होते म्हणून सांगते. बोटात साधं वळं किंवा साधी अंगठी चालते. बांगड्या, खड्यांच्या अंगठ्या, घड्याळ घरी ठेवा. मंगळसूत्र असेल तर कुर्त्याच्या किंवा टी-शर्टच्या आत, बाहेर लोंबकळणार नाही असं. केस बांधून जाळी किंवा टोपी. नखं कापलेली, नेलपॉलिश नको. माळ गळ्यात राहू द्या, आत.

मेसचा अनुभव आहे म्हणून शेवटी पुढचंही बोलते. पत्रात नाही, पण मनात असणारच की इथे डबे सुरू करावेत. हे कार्ड त्यासाठी पुरत नाही. घरी शिजवून विकायचं असेल तर काउंटीचा वेगळा परवाना लागतो. कॅलिफोर्नियात घरगुती स्वयंपाकघरातून जेवण विकायची सोय कायद्याने केली आहे, पण ती लागू करायची की नाही हे प्रत्येक काउंटी ठरवते. त्यात स्वयंपाकघराची तपासणी होते आणि रोज किती जेवणं विकायची यालाही मर्यादा असते. शिवाय चालवणाऱ्याला याच्या वरची मॅनेजरची परीक्षा पास व्हावी लागते. ती देखरेखीखाली घेतात, जरा कठीण असते आणि तिचं प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं. प्रत्येक रेस्टॉरंटमध्ये असा निदान एक माणूस असावाच लागतो. वर्षभर तिथल्या स्वयंपाकघरात काम करा, थर्मामीटर हातात रुळू द्या, आणि मग ती परीक्षा द्या. ती असेल तर फूड हँडलर कार्ड वेगळं काढावं लागत नाही, आणि पगार वाढवून मागायलाही ते खणखणीत कारण आहे.

सोमवारी मालकांना मेसेज करा. ते हो म्हणाले की शिफ्ट कधीपासून, कोर्स कुठला, पैसे ते थेट भरणार की पावती घेऊन परत देणार, आणि ते अडीच तास कोणत्या आठवड्याच्या पगारात धरणार, एवढं विचारून घ्या. काय म्हणाले ते मला कळवा. नकार आला तर तक्रारीचा फॉर्म कसा भरायचा ते मी पुढच्या वेळी ओळीनिशी सांगते.